वार म्हणजे मीटर नव्हे! मापात फसू नका

ताई, कापड मीटरवर, शिलाईचं माप इंचात, पाणी लिटरवर आणि वाळू ब्रासवर. एकाच घरात किती प्रकारची मापं! मेट्रिक मापाचा कायदा 1956 साली झाला, तरी इंच-फूट काही आपल्या तोंडातून गेले नाहीत. जायलाच हवेत असंही नाही. पण एकातून दुसऱ्यात हिशोब करता आला नाही, तर पैसे आपलेच जातात.

आधी कापड

1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर. 1 फूट म्हणजे साधारण साडेतीस सेंटिमीटर. 1 वार (काही जणी गज म्हणतात) म्हणजे 3 फूट, म्हणजे 91.44 सेंटिमीटर. आणि मीटर म्हणजे पूर्ण 100 सेंटिमीटर. म्हणजे वार मीटरपेक्षा साडेआठ सेंटिमीटरने लहान. आपली नऊवारीसुद्धा मीटरमध्ये सव्वाआठच भरते!

समजा, गटाला गणवेशाचं काम मिळालं. एका शर्टाला सव्वा मीटर कापड लागतं. 100 मीटरमध्ये 80 शर्ट होतात. पण मीटरचे पैसे देऊन 100 वार कापड घरी आलं, तर ते 91 मीटरच्या जरा वरच. त्यात 73 शर्ट होतात. सात शर्टांचं कापड कुठून आणणार? मीटरला 60 रुपये भाव धरला तर 500 रुपयांच्या वर तोटा.

म्हणून बिल मीटरमध्येच मागा. दुकानदाराने मीटरमध्येच विकावं असा कायदा आहे. कापड घरी आणल्यावर नाही, दुकानातच मोजा. आपल्या शिलाईच्या टेपवर 60 इंच असतात, ते दीड मीटरपेक्षा थोडे जास्त. टेपच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर असतात, तिथे 150 बघा.

मग पाण्याची टाकी

टाकीची लांबी, रुंदी, उंची आतून फुटात मोजा. तिन्हींचा गुणाकार करा आणि 28.3 ने गुणा. लिटर निघाले.

5 फूट × 4 फूट × 3 फूट = 60 घनफूट
60 × 28.3 = साधारण 1,700 लिटर

टँकरवाला म्हणाला, "दोन हजार लिटर ओतलं," तर टाकी रिकामी असली तरी तेवढं त्यात मावतच नाही.

एक चूक हमखास होते. 5 फूट 6 इंच म्हणजे साडेपाच फूट, 5.6 नव्हे. कारण फुटात इंच 12 असतात, 10 नाही.

शेवटी वाळू

घरकुलाचं काम काढलं की ब्रास शब्द कानावर येतोच. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉली आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद असेल आणि वाळू दीड फूट भरली असेल, तर ती 90 घनफूट झाली. पैसे ब्रासचे, वाळू दहा घनफूट कमी! अशा ट्रॉलीत वाळू सारखी पसरून 20 इंच भरली, तरच ब्रास पुरा होतो. खाली करायच्या आधी टेप लावा.

बैठकीत करून बघा

पुढच्या बैठकीला एक टेप घेऊन या. कोणाच्याही घरची टाकी मोजा, लिटर काढा आणि वहीत लिहून ठेवा. वजनकाटा किंवा माप खोटं वाटलं, तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात तक्रार करता येते. बिल मात्र जपून ठेवा.

मोजायला लाजू नका, बहिणींनो. पैसे मोजून देतो, मग माल मोजून का घेऊ नये?