शहराचा वाढदिवस साजरा करणारी माणसं

दरवर्षी २२ ऑगस्टला चेन्नई आपला वाढदिवस साजरा करते. त्यासाठी ना सरकारी फर्मान निघतं, ना मोठा निधी मंजूर होतो. आपल्या गल्लीचा, आपल्या पेठेचा इतिहास शेजाऱ्याला सांगणाऱ्या हौशी माणसांनी ही चळवळ उभी केली आणि त्यात मराठी माणसालाही सांगण्यासारखं बरंच काही आहे.

सकाळचे साडेसहा. जॉर्ज टाऊनमधल्या थंबू चेट्टी स्ट्रीटवर दुकानांची शटर्स अजून खालीच आहेत. हातगाड्या भिंतींना टेकून उभ्या आहेत. अशा वेळी पंचवीस-तीस जणांचा एक घोळका कालिकांबाळ मंदिरासमोर येऊन थांबतो. त्यात निवृत्त बँक अधिकारी असतो, कॉलेजातल्या मुली असतात, झोपाळलेल्या मुलाचा हात धरून आलेली आई असते. घोळक्यापुढे उभा असलेला माणूस सांगू लागतो, ‘३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी इथं देवीचं दर्शन घेतलं, असं या मंदिराची परंपरा सांगते.’

पेंगुळलेला मुलगा खडबडून जागा होतो. शिवाजी महाराज? इथं? मद्रासमध्ये?

ऑगस्ट महिन्यात चेन्नईत आलात, तर असं दृश्य तुम्हाला सहज पाहायला मिळेल. या पदयात्रांना इथं ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. त्यांची खरी गंमत पुढे आहे. चांगला वाटाड्या परंपरा सांगून थांबत नाही. परंपरा कोणती आणि कागदपत्रांचा पुरावा कोणता, हेही तो वेगवेगळं करून दाखवतो. मंदिरातल्या दर्शनाची कथा ही परंपरा. पण त्याच वर्षी, मे १६७७ मध्ये, कर्नाटकच्या मोहिमेवर असलेल्या महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडे माणूस पाठवून काही औषधं आणि विषावरचे उतारे मागवले होते, ही नोंद कंपनीच्या दप्तरातली. इंग्रजांनी त्या वस्तू पाठवल्या आणि त्यांचं मोल घेतलं नाही. शेजारी आलेल्या बलाढ्य राजाकडे बिल कोण पाठवणार?

फोर्ट सेंट जॉर्जचं हे जुनं दप्तर आज एग्मोरमधल्या तमिळनाडू पुराभिलेखागारात जपलेलं आहे. ती इमारत १९०९ सालची. देऊळ आणि दप्तर, दोन्ही एकाच शहरात! शाळेच्या पुस्तकात धड्याखाली गडप होणारा इतिहास इथं पायाखाली येतो, तो असा.

एका पुस्तकापासून सुरुवात

या साऱ्याचं मूळ शोधत गेलं, की एस. मुथय्या या नावाशी येऊन थांबावं लागतं. १९३० साली जन्मलेल्या मुथय्यांचं बालपण सिलोनमध्ये गेलं. अमेरिकेत इंजिनीअरिंग शिकून ते कोलंबोच्या वृत्तपत्रात पत्रकार झाले आणि १९६८ मध्ये मद्रासला आले. म्हणजे या शहरात ते बाहेरून आलेले! कदाचित म्हणूनच स्थानिकांना रोजच्या सवयीने दिसेनाशा झालेल्या इमारती त्यांना दिसल्या. १९८१ मध्ये त्यांचं ‘मद्रास डिस्कव्हर्ड’ हे पुस्तक आलं. पुढे त्यात भर पडत गेली आणि त्याचा आकार आवृत्तीगणिक वाढत गेला.

१९९१ मध्ये त्यांनी ‘मद्रास म्युझिंग्ज’ हे छोटं नियतकालिक सुरू केलं. विषय एकच, हे शहर. जुनी घरं, झाडं, तलाव, नद्या, पुतळे, विस्मरणात गेलेली माणसं. पैशांची ओढाताण झाली तेव्हा शहरातल्या काही उद्योगसमूहांनी ‘चेन्नई हेरिटेज’ या विश्वस्त संस्थेमार्फत त्याचा भार उचलला. १९९६ मध्ये शहराचं नाव चेन्नई झालं, पण अंकाचं नाव मद्रासच राहिलं.

‘द हिंदू’ दैनिकात १९९९ पासून मुथय्या ‘मद्रास मिसेलनी’ हे सदर लिहीत. त्यात वाचकांच्या पत्रांना मानाचं पान असे. कुणी लिही, ‘तुम्ही ज्या बंगल्याबद्दल लिहिलंत तो माझ्या आजोबांचा.’ कुणी चूक दाखवून देई. मुथय्या ती चूक पुढच्या सदरात छापून दुरुस्त करत. इतिहासकार सांगणार आणि लोक ऐकणार, ही रीत त्यांनी मोडली. लोकही सांगू लागले!

मूर मार्केटची राख

पण ही केवळ हौस नव्हती. तिच्यामागे एक चुटपुटही होती.

सेंट्रल स्टेशनशेजारी १९०० साली उघडलेलं मूर मार्केट म्हणजे मद्रासचा चोरबाजार आणि पुस्तकबाजार एकत्र. जुनी पुस्तकं, नाणी, ग्रामोफोनच्या तबकड्या, पाळीव पक्षी, म्हणाल ते तिथे मिळे. तांबड्या विटांची ती देखणी इमारत मे १९८५ मध्ये आगीत सापडली. आज त्या जागी उपनगरी गाड्यांचं स्टेशन आहे. साठीपुढचा चेन्नईकर तिथून जाताना अजूनही उसासा टाकतो.

या राखेतून शहर काही शिकलं का? थोडंफार शिकलं म्हणायचं. मरीना किनाऱ्यासमोर पोलीस मुख्यालयाची पांढरीशुभ्र इमारत आहे. १८३९ साली फ्रीमेसन मंडळींसाठी ती बांधली गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पाडायचं सरकारच्या मनात आलं, तेव्हा वारसाप्रेमी मंडळींनी आवाज उठवला आणि ‘इंटॅक’ या संस्थेने कोर्टाची पायरी चढली. इमारत वाचली. आज तिच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात.

माउंट रोडवरच्या भारत इन्शुरन्स इमारतीचं नशीब एवढं चांगलं नाही. १८९७ सालच्या या इमारतीचं पाडकाम २००६ मध्ये सुरूही झालं होतं. इंटॅकने उच्च न्यायालयात धाव घेऊन ते थांबवलं. पण पाडणं थांबलं म्हणजे जपणं सुरू झालं, असं थोडंच असतं? कोर्ट कुदळ रोखू शकतं. इमारतीवर माया करायला मात्र लोकांनाच शिकवावं लागतं. चळवळीतल्या मंडळींनी हे ओळखलं आणि कोर्टाइतकंच लक्ष शाळा-कॉलेजांकडे वळवलं.

मद्रास डे

२२ ऑगस्ट १६३९. दामर्ला वेंकटाद्री नायकाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे आणि अँड्र्यू कोगन यांना समुद्रकाठची एक चिंचोळी पट्टी मिळाली. तिच्यावर किल्ला उभा राहिला आणि किल्ल्याभोवती शहर वाढलं. २००४ मध्ये मुथय्या आणि त्यांचे पत्रकार मित्र शशी नायर व व्हिन्सेंट डिसूझा यांनी ठरवलं, या दिवशी शहराचा वाढदिवस करायचा!

पहिल्या वर्षी मोजकेच कार्यक्रम झाले. मग दिवसाचा आठवडा झाला आणि आता जवळजवळ सगळा ऑगस्ट त्यात जातो. याचं गुपित साधं आहे. संयोजक सगळे कार्यक्रम स्वतः करत नाहीत. ज्याला जे येतं ते त्याने करावं, आम्ही यादीत नाव घालतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मग हॉटेलवाला जुन्या मद्रासच्या पदार्थांचा महोत्सव भरवतो. संग्राहक आपली नाणी, तिकिटं, पोस्टकार्डं मांडतो. ‘निळल’ ही वृक्षप्रेमी संस्था झाडांची ओळख करून देणारी फेरी काढते. शाळांमधून प्रश्नमंजूषा होतात, मुलं आपापल्या भागाची माहिती गोळा करतात. त्यासाठी आजीला प्रश्न विचारावे लागतात. इतिहासाचा गृहपाठ म्हणून आजीशी तासभर गप्पा, याहून चांगला अभ्यास कोणता?

व्ही. श्रीराम यांच्यासारखे अभ्यासक १९९९ पासून लोकांना गल्लोगल्ली फिरवत आहेत. उच्च न्यायालयाच्या भिंतीजवळ आलं, की ‘एम्डेन’ची गोष्ट निघते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफगोळे डागले. तिथली पाटी त्याची साक्ष देते. पण दुसरी साक्ष लोकांच्या जिभेवर आहे. धाडसी, बिलंदर माणसाला तमिळमध्ये आजही ‘एम्डन’ म्हणतात!

वाढदिवस नेमका कुणाचा?

या उत्सवाला विरोधही होतो आणि तो दखल घेण्यासारखा आहे. इंग्रजांनी जमीन घेतली तो आपला जन्मदिवस कसा, असं काही तमिळ अभ्यासक विचारतात. मैलापूर किती जुनं! तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरात पल्लवकालीन शिलालेख आहे. पल्लावरमला तर ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना दगडी हत्यार सापडलं आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. मग १६३९ पासूनचा हिशेब कशाला?

वाद अजून मिटलेला नाही. पण ज्या शहरात पूर्वी असले प्रश्न फक्त प्राध्यापक विचारत, तिथे आता साधी माणसंही त्यावर तावातावाने बोलतात. याहून मोठं यश कोणतं असणार?

आपली मराठी पाऊलखूण

आणि मराठी माणसाचं काय? १८८७ मध्ये काँग्रेसचं तिसरं अधिवेशन मद्रासला भरलं, तेव्हा स्वागताध्यक्ष होते राजा सर टी. माधवराव. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेला हा मुत्सद्दी कुंभकोणमला जन्मलेला, तंजावरच्या मराठी परंपरेतला. त्या परंपरेतली अनेक कुटुंबं आज चेन्नईत आहेत. त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी ‘महरट्टा एज्युकेशन फंड’ ही संस्था शंभराहून अधिक वर्षं झटते आहे. घरात ते मराठी बोलतात, पण त्यांच्यातल्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांची मराठी कानाने टिकली आहे. एका पिढीने घरात बोलणं सोडलं, की ती संपली. म्हणून आजीचे शब्द, सणांच्या रीती, पदार्थांची नावं आज लिहून ठेवणं हेही इतिहासाचंच काम.

असं काम एकटा माणूसही करू शकतो. कोट्टैयूर गावच्या रोजा मुथय्या चेट्टियार या पाट्या रंगवणाऱ्या कलावंताने आयुष्यभर तमिळ पुस्तकं, मासिकं, नाटकांची पत्रकं जमवली. १९९२ मध्ये ते गेले. शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने त्या संग्रहातून १९९४ मध्ये चेन्नईत ‘रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय’ उभं राहिलं. आज देशोदेशीचे अभ्यासक तिथे येतात.

२० एप्रिल २०१९ रोजी एस. मुथय्या गेले. आता कसं होणार, अशी शंका अनेकांना आली असेल. पण ‘मद्रास म्युझिंग्ज’ची धुरा श्रीराम यांनी खांद्यावर घेतली आणि ऑगस्टमधल्या फेऱ्याही सुरूच राहिल्या. हा उत्सव कुणा एकाच्या मालकीचा नव्हता, त्याचा असा फायदा झाला.

थंबू चेट्टी स्ट्रीटवर आता शटर्स वर जाऊ लागली आहेत. घोळका पुढच्या वळणाकडे निघतो. झोप उडालेला तो मुलगा आईचा हात ओढत विचारतो, ‘आपल्या गल्लीला हे नाव कुणी दिलं?’

आईला उत्तर माहीत नसतं. संध्याकाळी आजीला विचारू, असं म्हणून ती चालू लागते.