गाडी विकली, पण नाव कोणाचं?

‘किल्ली दिली, पैसे मोजून घेतले, व्यवहार संपला.’ यवतमाळ जिल्ह्यात जुन्या दुचाकीचे, कारचे, ट्रॅक्टरचे कितीतरी व्यवहार याच समजुतीवर होतात. वणी असो की उमरखेड, रीत तीच. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या कोऱ्या सह्या, आरसी, आधारची झेरॉक्स आणि ‘नाव मी सवडीनं करून घेतो’ असा घेणाऱ्याचा शब्द. घेणाऱ्यानं जपून राहावं, हे सगळेच सांगतात. माझं म्हणणं असं की विकणाऱ्यानं त्याहून जास्त जपावं. गाडी गेल्यावर त्याच्या हाती काहीच उरत नाही, जबाबदारी मात्र सगळी उरते.

मोटार वाहन कायदा मालक म्हणतो तो ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे त्याला. गाडी कोणाच्या अंगणात उभी आहे, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. चलन फाटलं की मेसेज जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतो. गाडी एखाद्या गुन्ह्यात सापडली की पोलीस नंबरावरून आधी त्याच्याच दारात येतात. अपघात झाला तर त्याहून मोठं संकट. २००९ मधल्या एका अपघाताचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ती कार विकली गेली होती, मग पुन्हा विकली गेली, असं करत अनेकांच्या हातून फिरली. आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचं नाव राहिलं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी शेवटच्या ताबेदारावर टाकली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि नोंदीत नाव असलेल्या मालकालाच जबाबदार धरलं. अपघातग्रस्त कुटुंबानं विक्रीच्या साखळीचा माग काढत हिंडायचं का, असा त्यामागचा विचार होता, आणि तो मला न्याय्य वाटतो.

विमा चालू असेल तर समोरच्या माणसाची भरपाई कंपनी देते. पण नाव न बदललेल्या गाडीचा विमा संपल्यावर तो कोण भरणार? घेणाऱ्याला वाटतं गाडी अजून विकणाऱ्याच्या नावावर आहे, आणि विकणाऱ्याला वाटतं आपण तर विकून मोकळे झालो.

‘स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय, नोटरीही केलीय.’ चांगलं केलं. कोणत्या दिवशी, किती वाजता ताबा दिला याचा तो पुरावा आहे आणि उद्या घेणाऱ्याकडून पैसे वसूल करायचे झाले तर कामी येईल. पण तो करार तुमच्या दोघांतला. त्यानं आरटीओच्या नोंदीतलं नाव बदलत नाही.

नाव बदलण्याची मुदत कायद्याच्या कलम ५० मध्ये दिली आहे. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, परराज्यात गेली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. म्हणजे कळवण्याचं पहिलं काम विकणाऱ्याचं आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच घेणाऱ्यावर सोडलं जातं. २९ नंबरचा फॉर्म दोन प्रतींत का भरतात, हे सह्या करणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. मालकी बदलल्याची नोंद झाल्यावर दुसरी प्रत आरटीओच्या शेऱ्यासह विकणाऱ्याकडे परत यायची असते. ती मागा. निदान परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते पाहा. तिथे मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण ते आपलं आहे की नाही एवढं ओळखता येतं. बरीचशी कामं आता आधारच्या ओटीपीवर घरबसल्या होतात, मात्र नोंदीतला मोबाइल नंबर जुना असेल तर गाडं तिथेच अडतं. त्यामुळे गाडी विकायला काढण्याआधीच नंबर बदलून घ्यावा.

जुन्या गाड्यांच्या दलालाला गाडी दिली तर? १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचे नवे नियम लागू आहेत. त्यांच्याखाली अधिकारपत्र घेतलेल्या डीलरला गाडी दिली आणि तसं पोर्टलवर कळवलं, की पुढची विक्री होईपर्यंत जबाबदारी त्या डीलरची. अधिकारपत्र नसलेल्या दलालाकडे दिली तर जबाबदारी तुमचीच राहते. म्हणून अधिकारपत्र दाखवा म्हणताना संकोच करू नका.

आता बोजा. ‘शेवटचा हप्ता भरला, गाडी मोकळी झाली’ हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण यात चूक न करणारा माणूस अडकतो. त्यानं पै न् पै फेडलेली असते. पण आरसीवर बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या नावाची नोंद, ज्याला लोक ‘एचपी’ म्हणतात, ती तशीच असते. ती असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलता येत नाही. एचपी उतरवायला ३५ नंबरचा फॉर्म लागतो. त्यावर कर्जदाराची आणि कर्ज देणाऱ्याची, दोघांचीही सही हवी, सोबत बँकेची एनओसी. काही बँका आता ही माहिती ऑनलाइनच पाठवतात, तरी नोंद उतरली का ते स्वतः पाहावं. एनओसी कपाटात ठेवून दोन वर्षांनी बाहेर काढली तर ती चालेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी तिची मुदत तीन महिन्यांची असते.

बँकेनं कागद अडवून ठेवले तर? रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोडीनं मिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करायचे आणि बोज्याची नोंद हटवायची. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे आणि घरच्या वापराच्या कारचं कर्ज त्यात येतं. ट्रॅक्टरचं शेतीकर्ज मात्र ‘वैयक्तिक कर्ज’ नाही. ट्रॅक्टरसाठी जमीन तारण दिली असेल तर दोन ठिकाणी लक्ष द्यावं लागतं: आरसीवरची एचपी आरटीओत उतरवायची आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा तलाठ्याकडे अर्ज देऊन कमी करायचा. एक उतरला म्हणून दुसरा उतरत नाही.

‘बँकच बंद पडली, आता कर्ज कसलं?’ हे यवतमाळात विशेष सांगायला हवं. येथील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द केला. परवाना गेल्यानं कर्ज बुडत नाही आणि बोजाही उतरत नाही. अशा बँकेचा कारभार अवसायकाकडे जातो; येणं तोच वसूल करतो आणि एनओसीही त्याच्याकडूनच घ्यावी लागते. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर वाट सोपी आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. आरसीवर जुनं नाव असलं तरी एनओसी आता नव्या बँकेची.

एनओसी या एकाच नावाखाली दोन वेगळे कागद येतात, त्यामुळेही घोटाळा होतो. एक बँकेची, बोज्यासाठी. दुसरी आरटीओची, गाडी परराज्यात न्यायची असेल तेव्हा. पांढरकवड्याहून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, दुसरं राज्य. तिकडे गाडी विकली तर एमएच-२९ च्या कार्यालयाची एनओसी हवी, आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त तिथेच राहणार असेल तर तिथला नंबर घेऊन तिथला करही भरावा लागतो.

आरसी हरवली तर गाडी विकता येत नाही, असंही काही जण धरून बसतात. हरवल्याची पोलिसांत नोंद करून २६ नंबरच्या फॉर्मवर दुसरी प्रत मिळते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी तर रस्त्यावर तपासणीत कायद्यानं ग्राह्य आहे.

राहिली घरातली गाडी. वडील गेले आणि मुलगा त्यांच्याच नावावरची गाडी वर्षानुवर्षं चालवत राहिला, असं घरोघरी दिसतं. ‘घरचीच आहे, नाव कशाला बदलायचं?’ नियम असा की मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसानं अर्ज करावा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. तो असेल तर त्याच्या नावावर गाडी करताना कागदपत्रांची धावपळ बरीच कमी होते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही कळवावं लागतं. आणि विम्याचं विसरू नये. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा नोंदणीकृत मालकासाठी असतो. वडिलांच्या नावावरच राहिलेल्या गाडीवर मुलाला अपघात झाला, तर नेमक्या त्याच दाव्यावर कंपनी बोट ठेवते.