बँकेची मर्यादा ही आपली पुंजी नव्हे

रत्नागिरीत आमचे कापडाचे दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. येथील गिऱ्हाईक उधारीचे. बागायतदार म्हणतो, "आंब्याचे पैसे आले की देतो." मिरकरवाड्याचा खलाशी म्हणतो, "बोट लागली की देतो." १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा वसुलीला जाण्यातही अर्थ नाही. मात्र मुंबईच्या मंगलदास मार्केटमधील आणि इचलकरंजीतील व्यापारी बोटीची वाट पाहत नाहीत. त्यांची तारीख सांभाळण्यासाठी २००८ साली आम्ही दुकानाची जागा गहाण ठेवून आठ लाखांचा ओव्हरड्राफ्ट घेतला. कागद इंग्रजीत होते, आमचे शिक्षण उर्दूत झालेले. जेथे बोट ठेवले गेले, तेथे आम्ही सही केली.

सुरुवातीला लग्नसराई, ईद आणि गणपतीच्या विक्रीनंतर भरणा होई व खाते जमेला येई. पुढे घराची दुरुस्ती, मुलांची फी, नात्यातील लग्ने, सारे त्याच चेकबुकातून होऊ लागले. चेक वटत होता तोवर पैसा आपलाच वाटत होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्या वर्षीची ईद दुकान बंद ठेवूनच गेली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट व्याज पुढे ढकलण्याची सवलत दिली, ती आम्ही माफी समजलो. ती माफी नव्हती. व्याज चढतच होते.

वर्षअखेरीस मॅनेजरसाहेबांनी विचारले, "शेठ, गेल्या तीन वर्षांत हे खाते एक दिवस तरी जमेला आले का?" आम्ही उतारा घेऊन बसलो. एक दिवसही नाही! इतकेच नव्हे, तर येणे बाकी सहा लाखांच्या खाली कधी उतरलीच नव्हती. म्हणजे वरचे दोन लाख खेळते भांडवल, आणि खालचे सहा लाख आम्ही केव्हाच खाऊन बसलो होतो. बारा टक्क्यांनी त्याचे व्याज महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. कामाला न येणारा एक नोकर आम्ही पगारावर ठेवला होता.

धोका साधा नव्हता. खाते सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिले, किंवा ९० दिवसांत व्याजापुरताही भरणा झाला नाही, तर ते अनुत्पादित म्हणजे एनपीए ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता, गहाण जागेचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. वडिलांनी उभे केलेले दुकान जाण्याची वेळ आली असती.

मुलांच्या आईने आपल्या बांगड्या पुढे केल्या आणि एकच प्रश्न विचारला, "हे भरल्यावर पुन्हा काढणार नाही ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. मर्यादा उघडी असताना दागिने मोडून भरलेला पैसा सहा महिन्यांत परत बाहेर येतो, हे आम्हाला तेव्हा कळले. म्हणून आधी मर्यादा कमी करायची, मग बाकीचे, असे ठरले. बांगड्या घरातच राहिल्या.

जानेवारी २०२१ मध्ये बँकेला अर्ज देऊन सहा लाखांचे पाच वर्षांचे मुदत कर्ज करून घेतले व ओव्हरड्राफ्ट दोन लाखांवर आणला. हप्ता सुमारे १३,३५० रुपये. जड वाटला, पण हिशेब पाहा. पाच वर्षांत व्याज जाते सुमारे दोन लाख आणि कर्ज फिटते. तीच रक्कम ओव्हरड्राफ्टमध्ये राहिली असती तर व्याज गेले असते तीन लाख साठ हजार, आणि सहा लाख जसेच्या तसे शिल्लक!

हप्ता निघावा म्हणून घर व दुकान वेगळे केले. घरखर्चाला महिन्याची ठरावीक रक्कम, तीही वेगळ्या खात्यातून. पडून राहिलेले ताके खरेदीच्या भावात काढले. व्यापाऱ्यांना खरी परिस्थिती सांगितली, माल थोडा पण रोखीने घेतला, त्यावर वटाव मिळाला. जुनी उधारी फिटल्याशिवाय नवी देणे बंद केले. काही गिऱ्हाईके तुटली, बरीच टिकली.

ओव्हरड्राफ्टचे व्याज रोजच्या बाकीवर लागते. पन्नास हजार रुपये २५ तारखेऐवजी ५ तारखेला भरले तर बारा टक्क्यांनी सुमारे ३२९ रुपये वाचतात. म्हणून गल्ल्यातील रोकड आम्ही रोज बँकेत भरू लागलो. क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती सर्वांत आधी फेडावी. तेथे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्याही वर जाऊ शकते, आणि फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास मुद्दल जवळजवळ हलत नाही.

लग्नसराईत जास्तीचा भरणा करत गेल्याने कर्ज मे २०२४ मध्येच फिटले. मुदतीआधी फेडण्यास आकार लागतो का, हे आम्ही आधी लेखी विचारून घेतले होते. दोन लाखांची मर्यादाही बंद केली आणि जागेचे कागद घरी आणले.

व्यापारी बांधवांनी आज रात्री एकच काम करावे. गेल्या बारा महिन्यांचा खातेउतारा काढावा आणि येणे बाकीचा सर्वांत लहान आकडा शोधावा. तो तुमचा व्यापार नव्हे, ते तुमचे कर्ज आहे. फेडायला सुरुवात तेथूनच करावी.