विश्लेषण : स्पीडवेची मोठी स्पर्धा पाहायला जावे की नाही? चाहत्यांचा हिशेब इतका अवघड का?

छपराखालच्या भव्य स्टेडियममध्ये पावसाची भीती नाही, पण ट्रॅक दोन-चार दिवसांपूर्वी टाकलेला. छोट्या गावातल्या कायमस्वरूपी ट्रॅकवर शर्यत चुरशीची, पण आभाळाचा भरवसा नाही. मोटरसायकलच्या या खेळाचे तिकीट काढताना युरोपातले चाहते नेमका कशाचा विचार करतात?

तारीख १८ एप्रिल २०१५, ठिकाण वॉर्सा. पोलंडच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. निमित्त दुहेरी होते. या स्टेडियममधली ही पहिलीच स्पीडवे ग्रां प्री होती आणि २०१०चा जगज्जेता टोमाश गोलोब ग्रां प्रीमधून निरोप घेणार होता. पण शर्यती सुरू झाल्या आणि स्टार्टिंग गेट दगा देऊ लागले. ट्रॅकही उखडत चालला होता. रायडर आणि पंच यांच्यात बराच वेळ वाद झाला आणि १२ हीटनंतर स्पर्धा थांबवण्यात आली. तोवरच्या गुणांवर स्लोव्हेनियाचा मातेय झागर विजेता ठरला. देशभरातून गाड्या, बस, हॉटेले ठरवून आलेले लोक अर्धवट स्पर्धा पाहून घरी परतले.

स्पीडवेचे मोठे तिकीट काढताना आजही अनेकांना ती संध्याकाळ आठवते. हा खेळ घरात बसून पाहणे सोपे आहे, पण तो खरा कळतो मैदानात, असे त्याचे चाहते मानतात. आणि मैदानात जाण्याचा जुगार मात्र दरवर्षी नव्याने खेळावा लागतो.

स्पीडवे म्हणजे नेमके काय?

पुणे-कोल्हापूरकडच्या वाचकांना डर्ट ट्रॅक रेसिंग नवे नाही. स्पीडवे त्याच कुळातला, पण बराच वेगळा. लंबवर्तुळाकार मातीचा ट्रॅक, एका वेळी चार रायडर, घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या. मोटरसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. तिला एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतो. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे, पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेला धरायचे आणि डावा पाय जमिनीला टेकवत तोल सांभाळायचा, हेच यातले कौशल्य. डाव्या बुटाला त्यासाठी पोलादी तळ लावलेला असतो.

अशा एका छोट्या शर्यतीला ‘हीट’ म्हणतात. ती साधारण एका मिनिटात संपते. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण आणि चौथ्याला शून्य. ग्रां प्रीमध्ये १६ रायडर २० हीटमध्ये असे विभागलेले असतात की प्रत्येक जण पाच वेळा उतरतो आणि उरलेल्या पंधराही जणांशी त्याची एकेकदा गाठ पडते. २०२५पासूनच्या पद्धतीनुसार पहिले दोघे थेट अंतिम हीटमध्ये जातात, तर तिसऱ्या ते दहाव्या क्रमांकाच्या रायडरना दोन हीटमधून शेवटची संधी मिळते. म्हणजे एकूण २३ हीट.

हिशेब इथूनच सुरू होतो. एका मोठ्या संध्याकाळी प्रत्यक्ष शर्यत चालते ती जेमतेम २३-२५ मिनिटे. बाकीचा वेळ ट्रॅक्टरने माती सारखी करण्यात, पाणी मारण्यात, पडलेल्या रायडरला उठवण्यात आणि पुन्हा सुरुवात करण्यात जातो. विमान, हॉटेल, तिकीट असा सगळा खर्च या मिनिटांत वाटला तर आकडा डोळे पांढरे करणारा निघेल. अर्थात, तसा हिशेब कोणी करत नाही. दोन हीटमधली ती गडबड, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर पेनाने गुण भरणे, शेजाऱ्याशी वाद घालणे हाही स्पीडवेचाच भाग आहे. पत्रिकेत गुण भरणारा प्रेक्षक हे या खेळाचे जुने वैशिष्ट्य आणि मोबाइलच्या काळातही ते टिकून आहे.

मोठ्या स्टेडियमचे आकर्षण आणि धोका काय?

या खेळाचे मूळ ऑस्ट्रेलियात मानले जाते. ब्रिटनमध्ये तो १९२८मध्ये रुजला आणि पहिली जागतिक अंतिम फेरी १९३६मध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर झाली. वेम्ब्लीवरची शेवटची अंतिम फेरी १९८१ची, अमेरिकेच्या ब्रूस पेनहॉलने जिंकलेली. १९९५पासून एका रात्रीच्या अंतिम फेरीऐवजी वर्षभराची ग्रां प्री मालिका आली आणि २००१पासून ब्रिटनच्या ग्रां प्रीचे घर झाले वेल्समधले कार्डिफ.

कार्डिफचे स्टेडियम सुमारे ७४ हजार आसनांचे. छप्पर बंद करता येते, रेल्वे स्थानक चालत काही मिनिटांवर आणि स्टेडियम ऐन शहराच्या मध्यात. चांगल्या वर्षांत इथे चाळीस हजारांहून अधिक लोक आले. २००७मध्ये ब्रिटनच्या ख्रिस हॅरिसने अमेरिकेच्या ग्रेग हॅनकॉकला अंतिम हीटच्या शेवटच्या फेरीत गाठून विजय मिळवला, तेव्हा बंद छपराखाली जो आवाज घुमला त्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

पण एरवी हे स्टेडियम रग्बीचे. तिथे स्पीडवे घ्यायची तर गवत झाकून त्यावर ट्रकच्या ट्रक माती आणून टाकावी लागते, काही दिवसांत ट्रॅक दाबून तयार करावा लागतो आणि स्पर्धा संपली की उचलून न्यावा लागतो. वर्षानुवर्षे पाणी पिऊन, चाकांखाली दाबून बसलेल्या मातीची घट्ट पकड या तात्पुरत्या ट्रॅकला सहज येत नाही. पृष्ठभाग उखडला की खड्डे पडतात. खड्डे पडले की रायडर एकच सुरक्षित मार्ग धरतात आणि मग जो गेटवरून आधी सुटला तोच जिंकला, अशी रटाळ मिरवणूक सुरू होते. जर्मनीत गेल्झेनकिर्शनच्या फुटबॉल स्टेडियममधली २००८ची ग्रां प्री तर ट्रॅक शर्यतीलायक नसल्याने रद्दच करावी लागली.

वॉर्सातल्या फसलेल्या संध्याकाळीनंतरही स्पर्धा तिथे परतली आणि प्रेक्षकही परतले. पोलंडमध्ये स्पीडवे हा दुय्यम खेळ नाही. तोरुन, लेश्नो, गोझुफसारख्या शहरांत क्लबचा सामना म्हणजे गावचा सोहळा असतो. एका वाईट रात्रीने असा प्रेक्षक तुटत नाही. ब्रिटनमध्ये गणित तितके पक्के नाही.

मग छोट्या ट्रॅकवर जाणे शहाणपणाचे का?

शर्यतीच्या दर्जाचा विचार केला तर बहुधा होय. कायमस्वरूपी ट्रॅकवर आतली आणि बाहेरची अशा दोन्ही रेषा चालतात आणि मागे पडलेल्याला पुढे जायला वाव मिळतो. डेन्मार्कचे वॉयन्स हे असेच लहानसे गाव. तीन वेळचा जगज्जेता ओले ओल्सनने १९७५मध्ये तिथे ट्रॅक उभारला. सप्टेंबर २०२५मध्ये मालिकेचा शेवट तिथेच झाला आणि पोलंडच्या बार्टोश झ्मार्झलिकने ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडी कर्ट्झला अवघ्या एका गुणाने मागे टाकत सहावे विश्वविजेतेपद मिळवले. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्या सहा विजेतेपदांशी त्याने बरोबरी साधली. त्या रात्री वॉयन्सला जाण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या पैशांचे चीज झाले.

पण याच वॉयन्सने दोन वर्षांपूर्वी उलटा अनुभवही दिला होता. सप्टेंबर २०२३मध्ये झ्मार्झलिक तिथे विजेतेपद पक्के करण्याच्या उंबरठ्यावर होता. पात्रता सत्रात त्याने नियमानुसार मंजूर नसलेला पोशाख घातला आणि त्याला त्या फेरीतूनच बाद करण्यात आले. त्याला पाहण्यासाठी पोलंडहून आलेल्यांनी तो नसलेली स्पर्धा पाहिली. विजेतेपद त्याने नंतर तोरुनला मिळवले. स्पीडवेचे तिकीट एखाद्या रायडरच्या भरवशावर काढू नये, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. पडण्याचे आणि दुखापतीचे प्रमाण पाहता महिनाभर आधी कोण उतरेल याची खात्री कोणीच देत नाही.

दुसरा धोका पावसाचा. मातीच्या उघड्या ट्रॅकवर जोराची सर आली की काम संपले. प्लास्टिक अंथरून ट्रॅक वाचवता येतो, पण दरवेळी नाही. नवा कोरा ट्रॅकही घात करू शकतो. मँचेस्टरचे राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम मार्च २०१६मध्ये सुरू होणार होते, तेव्हा उद्घाटनाचीच स्पर्धा ट्रॅक तयार नसल्याने रद्द झाली. पुढे हाच ट्रॅक ब्रिटनमधल्या उत्तम ट्रॅकमध्ये गणला जाऊ लागला आणि २०२१ व २०२४मध्ये ब्रिटनने सांघिक जागतिक विजेतेपदेही इथेच मिळवली.

कार्डिफ सुटल्याने काय बदलले?

२०२४ची ब्रिटिश ग्रां प्री कार्डिफला झाली. २०२५मध्ये ती मँचेस्टरला गेली आणि १३ व १४ जूनला लागोपाठ दोन ग्रां प्री झाल्या. शर्यतीच्या दृष्टीने हा बदल अनेकांना आवडला. पण या स्टेडियमची क्षमता साधारण सहा हजार. पूर्वी प्रश्न होता ‘जावे का’, आता तो ‘तिकीट मिळेल का’ असा झाला. शिवाय दोन रात्री म्हणजे मुक्कामाचा खर्चही वाढला.

या बदलाची सल वेगळी आहे. ब्रिटनमधल्या स्पीडवेचा पाया गेली काही वर्षे खचतो आहे. २०२३मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो ही दोन नावाजलेली केंद्रे बंद झाली. शहरातली जमीन महाग झाली की जुन्या ट्रॅकवर घरे उभी राहतात, हे आपल्याकडच्या मैदानांबाबतही घडतेच. ज्यांचा गावचा क्लब गेला त्यांच्यासाठी कार्डिफ ही वर्षातून एकदा सगळ्यांना भेटण्याची जागा होती. वेगवेगळ्या क्लबांचे मफलर घातलेले लोक एकाच रस्त्यावर दिसत. त्यामुळे अनेक जण ट्रॅक कसा असेल याचा फारसा विचार न करता तिकीट काढत. इथे चाहत्यांवर नकळत एक ओझेही येते. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू, असे पुरेशा लोकांनी म्हटले तर ‘पुढचे वर्ष’ येईलच असे नाही. भारतीय चाहत्यांनी हे जवळून पाहिले आहे. सप्टेंबर २०२३मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. अनेक वर्षांच्या कराराची घोषणा होती, पण २०२४ची स्पर्धा झालीच नाही.

मराठी चाहत्याने बेत आखताना काय पाहावे?

ब्रिटन, जर्मनी, पोलंडमध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांना या स्पर्धा हाताशी आहेत. मात्र, ब्रिटनच्या व्हिसावर पोलंड किंवा डेन्मार्कला जाता येत नाही. भारतीय पासपोर्टधारकाला त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचे शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे हॉटेल घेऊ नये. सामना शनिवारी रात्री संपतो आणि पावसाने दुसऱ्या दिवशी ढकलला जाऊ शकतो. म्हणून परतीचे विमान रविवारी सकाळचे नसलेले बरे.

तिकिटाच्या अटीही नीट वाचाव्यात. स्पर्धा किती हीटनंतर ‘पूर्ण’ धरली जाते, त्यावर पैसे परत मिळणे अवलंबून असते. वॉर्सात १२ हीटवर निकाल लागला होता, हे लक्षात ठेवावे. प्रवासाचा दुसरा मार्गही आधी शोधून ठेवावा. १३ ऑगस्ट २०२२ला कार्डिफची ग्रां प्री होती आणि त्याच दिवशी ब्रिटनमध्ये रेल्वेचालकांचा संप होता. रस्त्याने जे कसेबसे पोहोचले त्यांना ब्रिटनच्या डॅन ब्यूलीचा विजय पाहायला मिळाला.

जागा निवडताना स्वस्त म्हणून अगदी खालची रांग घेण्याचा मोह होतो. छोट्या ट्रॅकवर वळणाजवळच्या खालच्या रांगांत मागच्या चाकाने उडवलेल्या मातीचा मारा बसतो. काहींना तोच हवा असतो. शर्यत नीट वाचायची असेल तर थोडे वर, पहिल्या आणि दुसऱ्या वळणाच्या बाजूला बसावे. गेटवरून सुटलेले चौघे तिथे एकाच वेळी शिरतात आणि बऱ्याच हीटचा निकाल तिथेच लागतो. जाताना एक पेन मात्र बरोबर न्यावे.