कापसाचा भाव आणि शेतकऱ्याचे स्वातंत्र्य

भाव कोसळले की खुल्या बाजारास दोष देणे हा आपल्याकडे सर्वपक्षीय कार्यक्रम असतो. २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली, तेव्हा भांडवलशाहीचे तेरावे उरकून टाकण्याची घाई अनेक विद्वानांना झाली होती. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झाला आणि खाजगी बाजार त्याच्या पुष्कळ खाली राहिला, तेव्हाही वर्धा, हिंगणघाट, देवळीकडे हेच ऐकू आले : बाजार मोकळा सोडल्याचा हा परिणाम. प्रश्न असा की, कापसाचा बाजार मोकळा होता तरी केव्हा?

आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल, परंतु १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आपला कापूस शासनाच्या यंत्रणेखेरीज कोणालाही विकता येत नव्हता. १९७१ च्या कायद्याने आलेली ही एकाधिकार खरेदी योजना. तिचा हेतू वाईट होता, असे कोणी म्हणणार नाही. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी, त्याला हमी मिळावी आणि नफ्यातही वाटा मिळावा, हा तो हेतू. प्रत्यक्षात संकलन केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागल्या, प्रतवारी करणाऱ्याच्या मर्जीवर वर्षभराची कमाई ठरू लागली आणि चुकारे हप्त्याहप्त्याने येऊ लागले. शेजारच्या राज्यात भाव चढा असेल त्या वर्षी आपलाच कापूस सीमेपलीकडे नेणारा शेतकरी चोर ठरला. स्वतःच्या शेतात पिकवलेली वस्तू रात्रीच्या अंधारात न्यावी लागणे, ही गोष्ट मला तोट्याच्या आकड्यांहून अधिक लाजिरवाणी वाटते. तो तोटा योजना संपेपर्यंत काही हजार कोटींवर गेला होता. २००२ च्या सुमारास व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मोकळी करून देण्यात आली. ती काही तत्त्वाच्या साक्षात्काराने नव्हे. तिजोरी थकली म्हणून.

एकाधिकारात बिघडते ते नेमके काय? भाव हा एक निरोप असतो. कोणत्या गिरणीला कोणता धागा हवा आहे, कोठे पीक बुडाले आहे, पुढील वर्षी किती पेरावे, हे सारे त्या एका आकड्यातून हजारो अनोळखी माणसांना कळत असते. मुंबईत बसलेल्या समितीने भाव ठरवला की या निरोपाची जागा आदेश घेतो. आदेशाला निवडणूक कळते, सूतगिरणीची गरज कळत नाही. शिवाय ज्याच्यापुढे एकच गिऱ्हाईक उभे आहे तो विक्रेता राहत नाही, तो अर्जदार होतो.

यावर उत्तर ठरलेले आहे : मग व्यापारी काय साधुसंत होते? मुळीच नव्हते. काटा मारणे, कडता कापणे, रुमालाखाली बोटे दाबून सौदे करणे, हे या प्रांताने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. म्हणूनच तर शेजारच्या वऱ्हाडात १८९७ सालीच कापूस व धान्य बाजारांचा कायदा करावा लागला. पण खोट्या काट्यावरील उपाय खरा काटा हा होय. दहा लबाड गिऱ्हाइके हाकलून अकरावे सरकारी गिऱ्हाईक आणून बसवणे, हा उपाय नव्हे. दहांपैकी एकाला तरी माल हवा असतो म्हणून तो दोन रुपये वाढवतो. अकराव्याला ती गरजच नसते.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकाधिकार गेला आणि त्याच दशकात विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग आपल्या जिल्ह्यातील वायफडला आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. मोकळ्या बाजारानेच हे बळी घेतले, असे तेव्हापासून म्हटले जाते. काळाचा क्रम खरा आहे. कार्यकारण मात्र त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदाने देऊन जागतिक भाव पाडत होती. त्याला बाजार म्हणत नाहीत. इकडे कोरडवाहू जमीन, न भरणारा पाऊस आणि जुने कर्ज. त्या कर्जासाठी दरवाजे दोनच, सहकारी बँक नाहीतर सावकार. त्यातील पहिल्या दरवाजाचे पुढे काय झाले? २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्धा, नागपूर व बुलढाणा या तिन्ही जिल्हा मध्यवर्ती बँकांना नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींच्या ठेवीही तेथे अडकल्या असतील. वसुलीपेक्षा राजकीय सोयीवर चालणारी पतव्यवस्था कोसळली की पहिला बळी ज्याला दुसरी बँक उभी करीत नाही त्याचाच जातो.

वर्ध्यात असे लिहिले की सेवाग्रामचा दाखला दिला जातो. गांधीजी भांडवलदारांचे वकील नव्हते, आणि मीही तसा त्यांचा उपयोग करणार नाही. परंतु १९३४ साली निर्मलकुमार बोस यांच्याशी झालेल्या संभाषणात त्यांनी राज्यसंस्थेच्या वाढत्या सत्तेचे आपल्याला मोठे भय वाटते, असे स्पष्ट सांगितले होते. शोषण थांबवताना ती व्यक्तीलाच मोडून टाकते, हे त्या भयाचे कारण. आमच्या समाजवादी मित्रांनी गांधीजींचा चरखा घेतला, हे भय मात्र सोयीस्करपणे मागे ठेवले.

आता पुन्हा कापसाकडे. २०२१-२२ च्या हंगामात भाव दहा हजारांवर गेला. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले आणि गिरणीमालकांनी दिल्लीत धाव घेतली. एप्रिल २०२२ मध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांपुरते उठले. ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लादल्यानंतर, तेच पुन्हा घडले. प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आयात खुली असावी, हे माझ्या तत्त्वाला धरून आहे आणि ते मला म्हणावेच लागेल, शेतकरी मित्र रागावले तरी. पण शेतकरी पेरून बसल्यावर, ऐन वेचणीच्या तोंडावर, तारखांचा खेळ करून खुली केलेली आयात म्हणजे खुला व्यापार नव्हे. गिऱ्हाइकाला मोकळीक आणि विक्रेत्याला बेडी, असा तो प्रकार आहे.

बेडी हा शब्द अतिशयोक्तीचा वाटत असेल तर बियाण्याकडे पाहावे. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियातून येणारा कापूस बहुतांशी तणनाशकाला दाद न देणाऱ्या वाणांचा असतो. त्याच्या गाठी आपल्या बंदरात राजरोस उतरतात. तसले बियाणे सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातील शेतकऱ्याने पेरले तर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ते बेकायदा. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला, त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. त्या वाणाचे दोषही असतील; त्यांची शास्त्रीय तपासणी व्हावी, एका ठरावीक मुदतीत व्हावी, आणि निकाल काय तो जाहीर व्हावा. वर्षानुवर्षे फाईल अडवून ठेवायची आणि निंदणीला मजूर मिळत नाही म्हणून चोरून बियाणे आणणाऱ्यावर खटले भरायचे, याला तपासणी म्हणत नाहीत. हमीभाव शंभराने वाढवा की दोनशेने, यावर विधिमंडळात दरवर्षी तास न्‌ तास चर्चा होते. या फाईलविषयी तेवढ्याच तळमळीने विचारणारा एखादा आमदार वर्धा जिल्ह्याने पाठवावा, एवढी माझी मागणी आहे.