चाकांवरच्या घराचा योगक्षेम

‘योगक्षेम’ हा शब्द आपण नित्य वापरतों. परंतु त्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हें सहसा ध्यानांत येत नाहीं. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग आणि जें आहे तें राखणें हें क्षेम. शब्दांत योग आधीं येतो, परंतु संसारांत क्षेम आधीं पाहावें लागतें. हा धडा मीं वर्गांत मुलांना अनेक वेळां सांगितला असेल. मला स्वतःला तो साठी उलटल्यावर इंग्लंडमध्यें एका जुन्या मोटारघरानें दिला.

मोटारघर म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेलें लहानसें बिऱ्हाड. निजण्याचे बांक, गॅसची शेगडी, शीतकपाट, पाण्याची टांकी, मोरी, शौचकूप हें सर्व त्यांत असतें. विलायतेंत ही हौस जुनी आहे. १८८५ सालीं डॉ. गॉर्डन स्टेबल्स या आरमारांतून निवृत्त झालेल्या वैद्यानें ‘वाँडरर’ नांवाची घोड्यांची घरगाडी मुद्दाम बांधवून घेतली आणि तींत राहून दक्षिण इंग्लंडपासून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. १९०७ सालीं अशा हौशी मंडळींचा कॅराव्हॅन क्लब निघाला. पुढें घोडे गेले, इंजिनें आलीं. हौस मात्र तीच राहिली.

माझा पुतण्या यॉर्कशायरमध्यें नोकरीस आहे. वडील बंधूंच्या पश्चात् वहिनी त्याच्यापाशीं असतात. स्कॉटलंडचे डोंगर आणि सरोवरें पाहावीं अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. परंतु वय सत्तरीपुढचें, पथ्य कडक आणि एकादशी चुकवावयाची नाहीं. खाणावळीच्या अन्नावर आठ-पंधरा दिवस काढणें त्यांना झेपणारें नव्हतें. स्वतःची चूल बरोबर असली तर मात्र त्या कोठेंही येण्यास तयार होत्या. म्हणून पुतण्यानें १९९४ सालीं बांधलेलें एक मोटारघर विकत घेतलें. त्याच सुमारास मी कांहीं महिने त्याच्याकडे राहण्यास गेलों होतों.

गाडी दारांत आली त्याच संध्याकाळीं पुतण्यानें सुधारणांची यादी केली. छपरावर सौर पॅनेल, लिथियमची बॅटरी, दूरचित्रवाणी, नव्या गाद्या. दीड महिन्यानें त्याची रजा सुरू होणार होती. तेवढ्यांत हें सर्व बसवून निघावयाचें असा बेत होता. वहिनींनीं यादी ऐकून घेतली आणि त्या गाडींत चढल्या. मागील बांकाच्या वरच्या कोपऱ्यापाशीं त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, “भावोजी, येथें आपल्या कोंकणांतल्या माजघराचा श्रावणांतला वास येतो आहे.” भिंतीवर नवा कोरा कागद डकवलेला होता. मीं तेथें अंगठा दाबून पाहिला तों तो आंत रुतला!

त्या काळच्या बहुतेक मोटारघरांच्या भिंती म्हणजे लांकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आंतून प्लायवुड आणि मध्यें थर्माकोलचा थर. छप्पर आणि भिंत जेथें मिळतात तेथें धातूची पट्टी स्क्रूंनीं बसविलेली असते व तिच्याखालीं लुकण भरलेलें असतें. पंचवीस-तीस वर्षांत हें लुकण वाळतें, त्यास भेगा पडतात आणि स्क्रूच्या भोंकांतून पावसाचें पाणी आंत उतरतें. पत्रा कुजत नाहीं, म्हणून बाहेरून सर्व झकपक दिसतें. आंतलें लांकूड मात्र हळूहळू भुसा होत जातें. तिकडे लांकडांतील ओल मोजण्याचें एक लहानसें यंत्र मिळतें. त्याचा आंकडा १५ टक्क्यांखालीं असला तर चिंता नाहीं, २० च्या वर गेला तर दुरुस्ती हवी आणि ३० च्या वर गेला तर लांकूड कुजूं लागलें, असा तेथील कारागिरांचा ठोकताळा आहे. आमच्या कोपऱ्यांत तो ३५ निघाला.

पुतण्या खिन्न झाला. त्याचें म्हणणें असें कीं, भिंत कांहीं आज पडत नाहीं. वरून लुकण फासून यंदा जाऊन येऊं, दुरुस्ती पुढें करूं. मग मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “काका, आईचें वय तुम्ही पाहतांच आहां. पुढचा उन्हाळा कोणीं पाहिला आहे?” या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर मीही मनांतून त्याच्याच बाजूचा झालों होतों.

परंतु दुसऱ्या दिवशीं आलेल्या कारागिरानें शेगडीपुढील गालिचा उचलला आणि प्रश्न आपोआप सुटला. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. कोठें गळला तर तो खालीं उतरून जमिनीलगत सांचतो. म्हणून अशा गाड्यांच्या तळाला मुद्दाम भोंकें ठेवलेलीं असतात. थंड वारा येतो म्हणून पूर्वीच्या कोणा मालकानें त्यांवर फळी ठोकून टाकली होती! वरच्या झरोक्याचीही तीच गत. हवा पुरी न मिळतां गॅस जळला कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य जागा होत नाहीं. त्या गाडींत वहिनी, सूनबाई आणि दोन लहान नातवंडें निजणार होतीं.

तिकडे तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरसाल सरकारी तपासणी होते आणि ही गाडी तींत उत्तीर्ण झालेली होती. परंतु ती तपासणी मोटारीची, घराची नव्हे. ब्रेक, दिवे, सुकाणू, सांगाड्याचा गंज हें तींत पाहतात; भिंतींतील ओल, गॅसच्या नळ्या आणि झरोके पाहत नाहींत. प्रमाणपत्र हातांत असलें म्हणजे सर्व कुशल आहे असें समजणें ही मोठी चूक होय.

त्या रात्रीं वहिनींनीं निकाल दिला. “आढें कुजलेलें असतां ओटीवर झुंबर टांगूं नये. मी थांबतें.” यादी फाडली नाहीं, उलटी केली. प्रथम पाणी, मग अग्नि, मग चाकें आणि अगदीं शेवटीं सोयी.

पाण्याची दुरुस्ती म्हणजे वरून लुकण फासणें नव्हे. आंतील प्लायवुड कापून काढलें, तेव्हां ओल दिसत होती तेथून दोन हात पुढें पाण्याची खरी वाट सांपडली. कुजलेल्या पट्ट्या काढल्या, उरलेलें लांकूड कित्येक दिवस वाळूं दिलें, नवीन लांकूड बसविलें. छपराची पट्टी उकलून जुनें लुकण खरवडून काढलें आणि न वाळणारें, मऊ राहणारें नवें भरलें. बाजारांतलें सिलिकोन येथें वापरूं नये. तें एकदां लागलें कीं पुढें त्यावर दुसरें कांहींच नीट धरत नाहीं.

मग अग्नि. गॅसची रबरी नळी बदलली, झरोके मोकळे केले, विषारी वायूची सूचना देणारी घंटा बसविली. विजेच्या तारा पाहिल्या तों कोणीं तरी मागाहून जोडलेली एक तार फ्यूजवांचून सरळ बॅटरीस लावलेली होती. अशी तार घांसली जाऊन पत्र्यास टेंकली तर ती विस्तवासारखी लाल होते. बॅटरीच्या अगदीं लगत फ्यूज हवाच.

चाकांची परीक्षा मात्र मला स्वतःला करतां आली. टायरवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०९१२ म्हणजे २०१२ सालचा नववा आठवडा. आमच्या टायरांच्या खांचा नव्यासारख्या खोल होत्या, परंतु टायर दहा वर्षांहून जुने होते. मोटारघर धांवतें थोडें आणि उभें फार राहतें. त्यामुळें टायर झिजण्याआधीं म्हातारे होतात. इंग्लंडमध्यें फेब्रुवारी २०२१ पासून अवजड मालमोटारी व बसगाड्या यांच्या पुढील चाकांस दहा वर्षांहून जुना टायर लावण्यास मनाई आहे. मोटारघरास हा कायदा लागू नसला तरी त्यांतील शहाणपण लागू आहेच. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून तेंही दोन वर्षांनीं बदलावें. इंजिनाच्या टायमिंग बेल्टाचें वय मैलांवर नव्हे तर वर्षांवरही मोजावें.

आतां सोयींकडे वळूं. येथें मीं पुतण्यास एक साधें गणित घातलें. जुने सहा दिवे, प्रत्येकीं १० वॅट, रोज चार तास. म्हणजे २४० वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरींतून २० अँपियर-तास गेले. तेच दिवे २ वॅटचे एलईडी केले तर खर्च अवघा ४. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती केली तर तिचें आयुष्य घटतें; म्हणजे ११० च्या बॅटरींत कामाचे ५५. गरज कमी केली तर तीच जुनी बॅटरी पुरते, हें त्यानें मान्य केलें. लिथियमची बॅटरी वजनानें हलकी आणि जवळजवळ पुरी रिती करतां येते, हा तिचा गुण खरा. परंतु शून्य अंशाखालीं तिला भरूं नये आणि जुन्या गाडीच्या डायनॅमोवरून भरावयाची तर मध्यें निराळें नियामक यंत्र लागतें. तो खर्च त्यानें पुढें ढकलला. छपरावर १०० वॅटचें एक पॅनेल मात्र बसविलें.

शिवाय वजन आहे. गाडीच्या पाटीवर ३,१०० किलोची मर्यादा होती. सामानसुमान भरून कांट्यावर नेली तों २,९८० भरली. उरले १२० किलो, आणि टांकींतलें ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो! दूरचित्रवाणीचा विचार तेथेंच संपला.

वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे-पुतणे परदेशीं आहेत. कोणी तेथें अशी गाडी घेतली तर त्यांनीं एवढें तरी पाळावें. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं शाकारणी करतात तशी दर वसंतांत छपराच्या सांध्यांची पाहणी करावी. हिवाळा लागण्यापूर्वीं टांकी व नळ रिते करावे. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें आणि नळ फोडतें. महिन्यांतून एकदां गाडी नुसती चालू न करतां चार मैल खरोखर फिरवून आणावी. आणि घेण्यापूर्वीं गाडी डोळ्यांनीं नव्हे, नाकानें व अंगठ्यानें पाहावी.

मी परत आलों तेव्हां भिंत उघडीच होती. वहिनींनीं तो उन्हाळा यॉर्कशायरमध्येंच काढला आणि आम्हां सर्वांच्या मनाला तें वर्ष जड गेलें. पुढच्या जूनमध्यें त्यांचा ग्लेन्को येथून फोन आला. डोंगरांविषयीं, सरोवरांविषयीं त्या पुष्कळ बोलल्या. शेवटीं म्हणाल्या, “भावोजी, काल रात्रभर मुसळधार पाऊस होता. पहाटे उठून मीं कोपऱ्यांत हात लावून पाहिला. कोरडा ठणठणीत!”