झोप कोणत्या खाती मांडावी?

कसारा घाटाच्या अलीकडे, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या एका ढाब्याच्या पटांगणात, ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी माझ्या गाडीचे तापलेले इंजिन निवण्याची वाट पाहत मी बसलो होतो, तेव्हा शेजारच्या दहा चाकी मालट्रकच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या सावलीत, लोखंडी सांगाड्याला बांधलेल्या झोळीत एक इसम गाढ निजलेला दिसला. रस्त्यावरून कंटेनर धडधडत जात होते, ढाब्याची तंदूर धुमसत होती. पण त्या झोपेवर कशाचाच परिणाम होत नव्हता. तासाभराने तो उठला, ड्रमातले पाणी तोंडावर मारून चहाला बसला आणि गप्पांच्या ओघात म्हणाला, "भिवंडीत परवा सकाळी नंबर लावला काका, माल भरून झाला आज पहाटे. दोन दिवस गोदामाच्या दारातच गेले."

"त्या दोन दिवसांचा पगार?"

"उभ्या गाडीचा कसला पगार? चाक फिरंल तेव्हा पैसा."

हे उद्गार एखाद्या अडाणी मालकाच्या तोंडून त्याने ऐकले असतील असे आपणांस वाटेल. परंतु या विषयावरील मूळ कायदा वाचू लागले की, त्याचे म्हणणे कायद्याच्या मजकुराशी विलक्षण जुळते, असे ध्यानी येते. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ साली झाला. चालकाने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम करू नये, लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने ही मर्यादा वाढवली तरी ती दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तासांपलीकडे जाऊ नये, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती मिळावी आणि एक पाळी संपून दुसरी सुरू होईपर्यंत निदान नऊ तास जावेत, अशा सुजाण तरतुदी त्यात होत्या. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानेही चालकांच्या कामाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवले, आणि २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तो आपल्या पोटात घेतला. मात्र १९६१ च्या या कायद्यात 'कामाचे तास' म्हणजे काय याची व्याख्या करताना नुसत्या हजेरीचा एक प्रकार सांगितला होता: चालक आपल्या जागी आहे, प्रत्यक्ष काम नाही, पण बोलावणे येईल म्हणून त्याला जाताही येत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी असा काढलेला काळ पंधरा मिनिटांच्या आतला असेल, तरच तो कामात धरायचा! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एस.टी.चे स्थानक असावे, गोदामाचे दार नसावे. एरवी माणसाला दोन दिवस ताटकळत ठेवणाऱ्या वेळेला विश्रांती म्हणण्याची कल्पना कोणास सुचली असती?

तशात हा कायदा ज्या उपक्रमात पाच किंवा त्याहून अधिक परिवहन कामगार नोकरीस असतील, त्यालाच लागू होता. आपल्या देशातील मालवाहतूक मुख्यत्वे एक, दोन किंवा तीन गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या हाती आहे, आणि त्यांतले कित्येक तर स्वतःच मालक व स्वतःच चालक असतात. अशा गृहस्थाने आठ तासांनंतर स्वतःलाच रजा द्यावी आणि बँकेच्या हप्त्यास मात्र आठ तासांची मर्यादा नसावी, या विचित्र स्थितीत कायद्याचा अंमल कोणी कोणावर करावयाचा? राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असलेच पाहिजेत, असा नियम पूर्वी होता. तोही २०१८ साली उठवण्यात आला. वास्तविक दुसरा चालक फार थोड्या गाड्यांवर असे, त्याच्या जागी असे क्लीनर, ज्याला आपल्याकडे रस्त्यावरची माणसे 'किन्नर' म्हणतात. चाकाची हवा ठोकून पाहणे, घाटात उभ्या गाडीच्या चाकाला दगड लावणे, ताडपत्रीची दोरी आवळणे ही त्याची प्रकट कामे. रात्री दोननंतर चालकाशी काहीबाही बोलत राहून त्याचा डोळा लागू न देणे हे त्याचे अप्रकट पण सर्वांत मोलाचे काम. खर्च वाढू लागला तेव्हा जमाखर्चातून प्रथम जे नाव खोडले गेले ते त्याचे. पुढचा चालक याच मुलातून तयार होत असे, हे फारसे कोणाच्या लक्षात आलेले नाही.

युरोपीय संघात २००६ च्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी हाकल्यावर पंचेचाळीस मिनिटे थांबणे सक्तीचे आहे आणि टॅकोग्राफ नावाचे यंत्र गाडीतच बसून त्याची नोंद ठेवते. अमेरिकेतही अकरा तासांची मर्यादा २०१७ च्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक नोंदवहीला जोडलेली आहे. तिथल्या चालकांचीही त्या यंत्राबद्दल गाऱ्हाणी आहेतच. आपल्याकडे केंद्रीय परिवहनमंत्र्यांनी २०२१ साली वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास मुक्रर करण्याचा विचार बोलून दाखवला होता. तूर्त हाती आली आहे ती गारव्याची सोय: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालवाहू वाहनांच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक आहे. माझ्या झोळीवाल्या मित्राची गाडी अर्थातच त्यापूर्वीची.

त्याने चहाबरोबर मला आपली वही दाखवली. विमा एजंटाने भेट दिलेली जुनी डायरी. तारखा कधीच्या उलटून गेलेल्या, आणि पेन्सिलीने आखलेले रकाने: डिझेल, टोल, युरिया, खुराकी, वारई, चहापाणी, इतर. मालक फेरीला ठरावीक रक्कम हातावर ठेवतो. त्यातून जे वाचेल ते चालकाचे, जे वाढेल तेही चालकाचेच. त्याची ही फेरी भिवंडी ते इंदूर, साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास. भरलेली दहा चाकी लिटरला चार किलोमीटरांचे ॲव्हरेज देते असे धरले, तर सुमारे १४० लिटर डिझेल लागते, आणि लिटरला ९० रुपये धरले तर साडेबारा हजार रुपये एकट्या डिझेललाच जातात. दर लिटरमागे एक रुपयाने चढला की १४० रुपये कमी उरतात, म्हणजे त्याच्या दोन वेळच्या खुराकीइतके. डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले, जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. पण हुंडेकऱ्याने बिल्टीवर लिहिलेले भाडे काही रोज बदलत नाही. टोल दर वर्षी १ एप्रिलला तीन टक्के आणि वर घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीचे चाळीस टक्के या सूत्राने वाढतो. युरिया म्हणजे शेतातला नव्हे. २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांचा धूर निवळण्यासाठी वेगळ्या टाकीत घालावे लागणारे द्रव, आणि ते संपले तर इंजिनचा जोर उतरतो. वारई तर अजबच प्रकरण आहे. माल उतरवून घेणाऱ्याचा असताना, तो उतरवण्याची रक्कम गाडीवाल्याच्या माथी मारण्याची ही बाजारपेठांतील जुनी वहिवाट आहे, आणि तिच्याविरुद्ध महाराष्ट्रातले वाहतूकदार अनेक वर्षे तक्रार करीत आले आहेत.

या सगळ्यात मालकाचे बरे चालले असेल, असा समज होऊ नये. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली आणि तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेले. हेतू उत्तम होता: तीच गाडी, तेवढाच चालक, अधिक माल. परंतु देशातील प्रत्येक गाडीची क्षमता एका फर्मानासरशी वाढली आणि वाहून नेण्याचा माल मात्र होता तितकाच राहिला, तेव्हा मालापेक्षा गाड्या अधिक झाल्या आणि भाडे पडले. पूर्वी मर्यादेपेक्षा अधिक माल भरून लोक तूट भरून काढीत. २०१९ च्या दुरुस्तीने त्या अपराधास वीस हजार रुपये आणि वर दर अधिक टनामागे दोन हजार असा दंड मुक्रर झाला, जो एका सापडण्यात फेरीचे सगळे भाडे खाऊन जाऊ शकतो. मग उरते काय? परतीचे भाडे मिळेपर्यंत थांबावे तर हप्ता थांबत नाही. रिकामे यावे तर डिझेल तेवढेच जळते. म्हणून हुंडेकऱ्याने देऊ केलेले कमी भाडे पत्करायचे, टायर रिमोल्ड करून आणखी एक हंगाम ओढायचा, आणि सहा फेऱ्यांच्या जागी महिन्याला आठ करायच्या. या जादा दोन फेऱ्या दिवसाच्या चोवीस तासांतूनच कोठून तरी काढाव्या लागतात.

मालाच्या वेळेची मात्र काळजी चोख घेतली जाते. जीएसटीनंतर जकात नाक्यांवरील रांगा संपल्या हा चालकांना झालेला खरा लाभ. १ जुलै २०१७ पूर्वी मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर गाड्यांना काय ताटकळावे लागे ते ज्याने पाहिले आहे तो हे नाकारणार नाही. त्याजागी ई-वे बिल आले. दर २०० किलोमीटरांस एक दिवस या हिशेबाने इंदूरच्या मालाला तीन दिवसांची मुदत. ती उलटली आणि वाढवून घेतली नाही तर कराच्या दुप्पट दंडाची टांगती तलवार. मुदत अपुरी आहे असे मी म्हणत नाही. पण वाटेत माल किती तास राहिला याची नोंद सरकारदरबारी आहे, आणि तो नेणारा माणूस किती तास जागा राहिला याची नोंद त्याच्या पेन्सिलीच्या वहीतही नाही.

"रात्री झोप आली तर?" मी विचारले.

"तंबाखू हाय, गाणी हायेत. लईच आलं तर पंपावर अर्धा तास." मग हसून, "पण काका, पंपावर थांबलं की जीपीएसमध्ये गाडी उभी दिसते."

तो उठला, लोखंडी सळईने एकेक चाक ठोकून आवाज ऐकत गाडीभोवती फिरला, एका चाकापाशी दोनदा ठोकून पाहिले, आणि झोळीची गाठ सोडून तिची घडी घातली. इतक्यात खिशातला फोन वाजला.

"हां शेठ. निघालो ना. घाट लागला आता, रेंज जाईल बघा."

फोन खिशात टाकून त्याने ढाबेवाल्याला आणखी एक चहा सांगितला.